पोटातले नऊ महिने, पहिली दोन वर्षं आणि पन्नाशीतला मधुमेह

२०२४ च्या अखेरीस ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाची जगभर बातमी झाली. दुसऱ्या महायुद्धापासून ब्रिटनमध्ये साखर रेशनवर मिळत होती. सप्टेंबर १९५३ मध्ये हे रेशन उठलं आणि लोकांचं साखर खाणं बघता बघता जवळपास दुप्पट झालं, माणशी दिवसाला सुमारे ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमच्या आसपास. ताडेया ग्राचनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तारखेच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्या सुमारे ६०,००० लोकांच्या उतारवयातल्या आरोग्याच्या नोंदी तपासल्या. आईच्या पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोनेक वर्षांत ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली, त्यांना टाइप २ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला. आजार झालाच, तर मधुमेह सरासरी चार वर्षं आणि रक्तदाब दोन वर्षं उशिरा झाला.

चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच आहे. रेशन उठल्यावर हे सगळे एकाच देशात, एकाच प्रकारच्या बाजारातलं अन्न खात मोठे झाले. शाळा, नोकरी, संसार, म्हातारपण, सगळं एकाच काळात गेलं. फरक होता तो गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण हजार दिवसांपुरता. ज्या दिवसांतलं माणसाला काहीही आठवत नाही, त्या दिवसांची नोंद शरीर अर्धशतक कशी काय बाळगून राहतं? आणि अशी नोंद फक्त खाण्याचीच राहते, की त्या वयात सोसलेल्या भीतीची आणि ताणाचीही?

आधी एका शब्दाची ओळख

खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढणं, लागेल ती वापरणं, उरेल ती साठवणं आणि गरज पडली की साठ्यातून बाहेर काढणं, या सगळ्या कारभाराला चयापचय म्हणतात. त्यातलं मुख्य संप्रेरक म्हणजे इन्सुलिन. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंनी आणि चरबीच्या पेशींनी आत घ्यावी, म्हणून स्वादुपिंडातल्या बीटा पेशी ते सोडतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं, की स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं. तेही पुरेनासं झालं, की साखर रक्तात साचत जाते. हा टाइप २ मधुमेह. पोटाभोवतीची चरबी, वाढलेला रक्तदाब, बिघडलेलं कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार ही त्याची नेहमीची सोबत. या लेखात ‘चयापचयाचे आजार’ म्हटलं, की हाच सगळा गोतावळा समजावा.

पैसे कमी असताना बांधलेलं घर

१९८० च्या दशकात साउथॅम्प्टनचे डॉक्टर डेव्हिड बार्कर यांना एक विसंगती दिसली. हृदयविकार हा सुखवस्तू माणसांचा आजार अशी तेव्हा समजूत होती. पण इंग्लंड आणि वेल्समधल्या ज्या भागांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वांत जास्त तान्ही बाळं दगावत होती, त्याच गरीब भागांत पुढे हृदयविकाराचे मृत्यूही जास्त होते. बार्कर जुन्या नोंदी शोधू लागले. हर्टफर्डशर परगण्यात त्यांना खजिनाच सापडला. एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य परिचारिकेच्या देखरेखीखाली तिथे १९११ पासून घरोघरी जाऊन बाळांचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वह्यांमध्ये लिहून ठेवलं जात होतं. ती बाळं आता साठी-सत्तरीला पोहोचली होती. जन्मतः आणि पहिल्या वर्षी ज्यांचं वजन कमी होतं, त्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त निघालं. पुढे निकोलस हेल्स या संशोधकाबरोबर केलेल्या अभ्यासात मधुमेहाचंही तसंच दिसलं. वैद्यकविश्वाने सुरुवातीला हे मानायला खळखळ केली. इतक्या जुन्या गोष्टीचा इतका उशिरा परिणाम होईल, हे सहज पटण्यासारखं नव्हतंच.

कारण समजून घ्यायला घराच्या बांधकामाकडे पाहू. पैसे अपुरे असले, तर माणूस भिंती आणि छप्पर आधी उभं करतो. पाण्याची टाकी मात्र लहान बसवतो. त्या क्षणी हा निर्णय बरोबरच असतो, कारण छप्पर नसेल तर घरच नाही. पोटातल्या बाळाला अन्न किंवा प्राणवायू कमी पडला, की त्याचं शरीरही असंच करतं. रक्ताचा मोठा वाटा मेंदूकडे वळवला जातो आणि मूत्रपिंडं, स्वादुपिंड, स्नायू यांच्या बांधकामात काटकसर होते.

अडचण अशी, की यातल्या काही ‘टाक्या’ नंतर वाढवता येत नाहीत. रक्त गाळणारे नेफ्रॉन हे मूत्रपिंडातले सूक्ष्म घटक गर्भाच्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात, त्यानंतर एकही नवा होत नाही. एका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाख असतात, पण माणसामाणसांत हा आकडा कित्येक पटींनी बदलतो आणि जन्माचं कमी वजन हे तो कमी असण्याचं एक ठळक कारण आहे. बीटा पेशींचा बराचसा साठाही पोटात आणि पहिल्या काही वर्षांतच जमतो. बेताचं खाणारं, कष्ट करणारं आयुष्य मिळालं, तर अशी लहान टाकी जन्मभर पुरते. घरात माणसं वाढली, म्हणजे अन्न मुबलक झालं आणि वजन वाढू लागलं, की ती लवकर आटते.

जन्माचं वजन सगळं सांगत नाही

बार्कर यांच्या कामामुळे जन्माच्या वजनाला फार महत्त्व आलं. काटा मात्र मोजका भागच दाखवतो.

१९९० च्या दशकात पुण्याजवळच्या गावांमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर साउथॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. मग प्रत्येक बाळाची बारकाईने मोजमापं घेतली. कमतरता स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत दिसली. खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक, पण आत चरबीचं प्रमाण जास्त असलेली बाळं. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, त्यामुळे स्नायू कमी आणि चरबी जास्त ही रचना पुढच्या मधुमेहाला पूरक ठरते. या अभ्यासात आणखी एक धागा हाती लागला. गरोदरपणात आईला फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर पण ‘ब १२’ जीवनसत्त्व कमी मिळालं असेल, तर तिची मुलं सहा वर्षांची होईपर्यंत इन्सुलिनला कमी दाद देऊ लागली होती. पोट भरलेलं असूनही शरीराला हवं ते मिळत नसेल, तर तीही उपासमारच असते.

दुसऱ्या टोकालाही धोका आहे. आईच्या रक्तात साखर जास्त असेल, तर ती वारेतून, म्हणजे गर्भाशयात बाळाला आईशी जोडणाऱ्या अवयवातून, बाळाकडे जाते. इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं, बाळ अंगाने मोठं होतं आणि पुढे त्यालाही लठ्ठपणाचा आणि मधुमेहाचा धोका वाढतो. मोठं बाळ म्हणजे सुदृढ बाळ हे नेहमी खरं नसतं, ते यामुळे.

नेदरलँड्समधला उपासमारीचा हिवाळा

गरोदर बायकांना उपाशी ठेवून प्रयोग करता येत नाही. इतिहासाने मात्र तो क्रूरपणे करून ठेवला आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधल्या रेल्वे कामगारांनी संप केला, आणि त्याचा बदला म्हणून जर्मन सैन्याने पश्चिम भागाची रसद तोडली. हिवाळ्यात रोजचं रेशन माणशी ४०० ते ८०० कॅलरींवर आलं. वीस हजारांहून जास्त माणसं मेली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्नपुरवठा झपाट्याने पूर्ववत झाला. उपासमारीला अशी ठळक सुरुवात आणि ठळक शेवट असल्यामुळे, कोणतं बाळ गर्भाच्या कोणत्या महिन्यात उपाशी होतं, हे जन्मतारखेवरून सांगता येतं.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात उपासमार झालेली बाळं जन्मतः हलकी होती आणि मोठेपणी त्यांच्या शरीराला साखर हाताळणं जड जाऊ लागलं. ज्यांची उपासमार पहिल्या तीन महिन्यांत झाली, त्यांचं जन्माचं वजन सर्वसाधारण होतं, कारण नंतर आईला जेवण मिळू लागलं होतं. तरीही पुढे त्यांच्यात लठ्ठपणा, बिघडलेलं कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार जास्त दिसले. बाळ गुटगुटीत जन्मलं म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत काही बिनसलंच नव्हतं, असं म्हणता येत नाही. मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण गर्भारपणाची काळजी पोट दिसू लागल्यावर घ्यायची, असंच आपण धरून चालतो.

ताण बाळापर्यंत पोहोचतो कसा?

संकट आलं, की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं. ते यकृताला रक्तात साखर सोडायला लावतं आणि स्नायूंना इन्सुलिनकडे दुर्लक्ष करायला, म्हणजे मेंदूला ऊर्जा कमी पडू नये. काही मिनिटांच्या संकटात हे जीव वाचवतं. महिनोन्‌महिने चाललं, तर चरबी पोटाभोवती जमते, गोड आणि तेलकट खावंसं वाटतं, रक्तदाब चढतो.

गरोदर आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बाळाच्या रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. ते सगळं बाळापर्यंत जाऊ नये, म्हणून वारेत एक एन्झाइम असतं आणि ते बरंचसं कॉर्टिसॉल वाटेतच निष्क्रिय करतं. ही तटबंदी भक्कम असते, अभेद्य नसते. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की गाभण मादीच्या आहारातली प्रथिनं कमी केली की या एन्झाइमचं काम मंदावतं. म्हणजे अपुऱ्या आहाराने बाळाचं अन्न तर तुटतंच, शिवाय ताणासाठीचा दरवाजाही किलकिला होतो. आहार आणि ताण हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात, शरीरात मात्र ते एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

नुसत्या ताणाचा परिणाम वेगळा काढता येतो का? जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हिमवादळ झालं आणि लाखो घरांतली वीज गेली, काही ठिकाणी कित्येक आठवडे. मानसशास्त्रज्ञ सुझन किंग यांनी त्या वेळी गरोदर असलेल्या किंवा लवकरच झालेल्या स्त्रियांना गाठलं आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या मुलांची वाढ मोजली. ज्या आईला जास्त हाल सोसावे लागले, तिच्या मुलाला साडेपाचव्या वर्षी लठ्ठपणाचा धोका जास्त होता आणि तेराव्या वर्षी त्याच्या शरीरात इन्सुलिनचा स्राव जास्त होता. गरिबी, व्यसन, घरची भांडणं यांतलं काहीही या वादळाने निवडून आणलेलं नव्हतं. ते कुणाचं घर कसं आहे हे न पाहता कोसळलं, म्हणून हा पुरावा मोलाचा.

जन्मानंतरचा ताणही मागे पडत नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत. चांगलं वजन उतरत असलेली माणसंच उपचार अर्ध्यावर सोडून का जातात, हे त्यांना उमगेना. त्यांनी बसवून विचारलं, तेव्हा अनेकांच्या बालपणी झालेले अत्याचार बाहेर आले. १९९८ मध्ये फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली हिंसा, घरातलं व्यसन असे बालपणीचे आघात जितके जास्त, तितके मोठेपणी हृदयविकार आणि इतर गंभीर आजार जास्त. मोठ्यांच्या आठवणींवर कितपत विसंबायचं, ही शंका रास्त आहे. पण न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२–७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला, तिथेही हेच दिसलं. लहानपणी छळ सोसलेल्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षी दाहाच्या, म्हणजे शरीर जखमेशी किंवा जंतूंशी लढताना उठते तशा जळजळीच्या, खुणा जास्त होत्या, आणि असा मंद, न दिसणारा दाह मधुमेह व हृदयविकार या दोन्हींच्या मुळाशी असतो.

नोंद राहते कुठे?

काही नोंद अवयवांच्या आकारातच राहते, ते वर आलं. काही जनुकांवर राहते. जनुकाची अक्षरं बदलत नाहीत, पण त्यावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात किंवा सुटतात, आणि त्यानुसार ते जनुक कमी-जास्त काम करतं. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. मॉन्ट्रियलमध्ये मायकेल मीनी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की ज्या उंदरीण माता पिल्लांना खूप चाटतात त्यांची पिल्लं मोठेपणी ताणातून लवकर सावरतात, आणि मेंदूतल्या कॉर्टिसॉल ओळखणाऱ्या जनुकावरच्या मिथाइल खुणाही त्यांच्यात वेगळ्या असतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईजवळ ठेवली, तर तीही शांत निपजली. डच हिवाळ्यात गर्भधारणा झालेल्यांमध्येही, वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या खुणा साठ वर्षांनंतर त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या. एवढ्या खुणेमुळेच आजार झाला, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. एपिजेनेटिक्सच्या नावावर आज बरंच काही विकलं जातं, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

‘पण हे सगळं आनुवंशिकच असेल ना?’

जनुकांचा वाटा आहेच. पण सख्ख्या भावंडांची तुलना केली, की गर्भातल्या परिस्थितीचा वाटा वेगळा दिसतो. अमेरिकेतल्या पिमा या आदिवासी समाजात मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. तिथे आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेलं मूल आणि झाल्यानंतर जन्मलेलं मूल यांची तुलना केली, तर नंतरच्या मुलाला मधुमेहाचा धोका बराच जास्त निघाला. आई-बाप तेच, घर तेच, बदललं होतं ते आईच्या रक्तातल्या साखरेचं प्रमाण.

‘मग उलट पुरावे नाहीत का?’

आहेत, आणि ते झाकायचं कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने रशियातल्या लेनिनग्राड शहराला घातलेल्या वेढ्यात गर्भात असलेल्यांच्या अभ्यासात मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला नाही. यावरचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण असं, की तिथे वेढ्याच्या आधी आणि नंतरही अन्न बेताचंच राहिलं, नेदरलँड्ससारखी अचानक सुबत्ता आली नाही. काटकसरीने घडलेल्या शरीराला काटकसरीचंच आयुष्य मिळालं.

स्तनपानाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. अंगावर प्यायलेली मुलं कमी लठ्ठ असतात, असं अनेक पाहणी-अभ्यासांत दिसत होतं. बेलारूसमध्ये १९९६–९७ मध्ये १७,००० मातांवर मोठी चाचणी झाली. निम्म्या रुग्णालयांत स्तनपानासाठी खास मदत दिली गेली. तिथे स्तनपान वाढलं, बाळांचे जुलाब कमी झाले, पण पुढे तपासलं तेव्हा मुलांचा लठ्ठपणा काही कमी नव्हता. स्तनपान चांगलंच, त्याची इतर कारणं भरपूर आहेत. मात्र दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

दोष आईचा नाही

हे संशोधन बातम्यांत येतं तेव्हा बोट फार लवकर आईकडे वळतं. तिने काय खाल्लं, ती का चिडली, तिने विश्रांती का घेतली नाही. मला हे अन्यायाचं तर वाटतंच, पण शास्त्राला धरूनही वाटत नाही. डच मातांनी उपास निवडला नव्हता, क्वेबेकच्या मातांनी वीज घालवली नव्हती. ब्रिटनमधली साखर कमी झाली आणि वाढली ती सरकारच्या निर्णयाने. इतकंच काय, आई स्वतः ज्या गर्भात वाढली, तिथली परिस्थितीही तिच्या हातात नव्हती. गरोदर बाईला ‘ताण घेऊ नकोस’ म्हणणं सोपं असतं. तिच्या कामाचे तास, घरातली हिंसा, पैशाची ओढाताण आणि ताटातली शेवटची वाढणी कुणाच्या वाट्याला जाते, हे बदलणं अवघड असतं, आणि उपाय तिथेच आहे.

तिथे हात घातला तर काय होतं, याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९७२ ते १९७७ दरम्यान गरीब घरांत जन्मलेल्या १११ बाळांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांचं होईपर्यंत दिवसभराचं दर्जेदार संगोपन, खेळ, पोटभर पौष्टिक जेवण आणि आरोग्य तपासणी मिळाली. तिशीच्या मध्यावर त्यांना तपासलं, तेव्हा दुसऱ्या गटातल्या दर चार पुरुषांपैकी एकाच्या शरीरात पोटाची चरबी, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांची बिघडलेली साखळी होती. संगोपन मिळालेल्या पुरुषांत ती एकातही नव्हती. आकडा लहान आहे, पण प्रेम, खेळ आणि जेवण एकत्र दिल्यावर काय घडू शकतं, हे त्यातून दिसतं.

‘माझं बालपण तर होऊन गेलं. आता काय?’

वाढलेला धोका हा धोकाच असतो, निकाल नसतो. फिनलंडमध्ये जन्मतः लहान असलेल्या प्रौढांचा अभ्यास झाला. त्यांच्यापैकी जे नियमित व्यायाम करत होते, त्यांच्यात साखरेचा बिघाड बराच कमी होता. हे घराच्या रचनेशी जुळतं. नेफ्रॉन वाढवता येत नाहीत, पण स्नायू कोणत्याही वयात वाढवता येतात आणि स्नायू वाढले, की स्वादुपिंडावरचा भार हलका होतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत थोडं वजन उतरवून आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करून मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला होता.

घरात लहान मूल असेल, तर वेळेचं भान हवं. पाच देशांतल्या मुलांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं, की पहिल्या दोन वर्षांत उंची चांगली वाढणं पुढे फायद्याचं ठरतं, तर त्यानंतर उंचीच्या मानाने वजन झपाट्याने वाढणं धोक्याचं. हलक्या वजनाच्या बाळाला ‘भरून काढायचं’ म्हणून शाळेच्या वयात गोड आणि तुपकट खाऊ घालत राहणं त्याच्या भल्याचं नसतं. साखरेच्या रेशनच्या अभ्यासातही सर्वांत ठळक फायदा सहा महिन्यांनंतरच्या, म्हणजे वरचं अन्न सुरू होण्याच्या काळातल्या कमी साखरेचा दिसला.

डॉक्टरांना सांगण्यासारख्या दोन गोष्टी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. आपला जन्म वेळेआधी झाला असेल किंवा जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर ते सांगावं, म्हणजे रक्तदाब, साखर आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या लवकर सुरू करता येतात. आणि ज्या स्त्रीला गरोदरपणात मधुमेह झाला होता, तिने बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांनी साखरेची तपासणी करून घ्यावी. ती ठीक आली, तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी. ती पुढचं गर्भारपण ठरवत असेल, तर दिवस जाण्याच्या आधी करावी, कारण बाळाच्या अवयवांची घडण गर्भारपण लक्षात येण्याच्या आधीच सुरू झालेली असते.